चिकटीचं बी

सकाळचे साडेसातही वाजले नव्हते, तरी मासे वाळवण्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बेटावर घरं चारशे, आणि माणसं जमली होती हजाराच्या वर. पलीकडच्या किनाऱ्यावरूनसुद्धा लोक होड्या भरभरून आले होते. कुणाच्या डोळ्यावर फडकं, कुणाच्या हातात काठी, कुणी म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी घेऊन आलेला. ओट्याच्या मधोमध दोरी ताणून पंधरा पावलांचं रिंगण मोकळं ठेवलं होतं. त्या रिंगणात, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, नेत्रबाबा उभा होता आणि त्याच्या समोर बाकावर होडीवाला मामा उताणा पडला होता.

हा बेटावरच्या शाळेतल्या मास्तरणीचा सख्खा मामा. बेटावरून पलीकडे जायची एकुलती एक मोटारहोडी त्याची, त्यामुळे बेटावर येणारं पत्र, पाहुणा आणि औषध सगळं त्याच्या हातून यायचं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मास्तरीण शाळा भरायच्या आधी मुद्दाम आली होती आणि गर्दीच्या शेवटच्या रांगेत हाताची घडी घालून उभी होती.

बाबाने एका कुपीतून मामाच्या डोळ्यांत दोन-दोन थेंब सोडले. हा म्हणे दिव्य वनस्पतीचा रस. मग अर्ध्या तासाने चिमटीने कसलंसं चूर्ण पापण्यांखाली टाकलं, डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला आणि तोंडाची टकळी सुरू केली. या वनस्पतीत म्हणे सत्तावीस किरण असतात. त्यातले नऊ पडद्याला पकडतात, नऊ त्याला सोलतात आणि नऊ त्याला बाहेर ओढतात. हिशोब इतका चोख होता की नापास पोरानेही टाळ्या वाजवाव्यात. परदेशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी बाबाला बोलावणी धाडली होती, पण बाबा गेला नाही. कारण वनस्पतीने त्याला स्वप्नात येऊन सांगितलं होतं, की जाऊ नकोस. वनस्पतीला दुसरा उद्योग नसावा.

बोलता बोलता सहा-सात मिनिटं गेली. बाबाने रुमाल उचलला, तारेच्या बारीक फासाने मामाच्या डोळ्यातून एक पांढरट, लिबलिबीत गोळी काढली आणि काळ्या पाटीवर ठेवून चारी बाजूंना दाखवली. "हा पडदा. आणि मधे काळा ठिपका दिसतो ना, बाळांनो? ते त्याचं मूळ. डॉक्टर पडदा कापतात आणि मूळ आत ठेवतात. मी मुळासकट काढतो."

मामा उठून बसला. त्याने धक्क्याला बांधलेल्या होडीवरचा आकडा मोठ्याने वाचला. होडी त्याची, आकडा त्यानेच रंगवलेला, झोपेतसुद्धा म्हणून दाखवला असता. पण हे कोण लक्षात घेतो? लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मात्र त्यानंतर मामाने थेट शेवटच्या रांगेकडे बोट केलं आणि म्हणाला, "पोरी, तुझ्या छत्रीवर निळी नक्षी आहे." मास्तरणीच्या छत्रीवर खरोखरच निळी नक्षी होती. आता मात्र ती चक्रावली.

तिने पुढे होऊन तो पडदा हातात घेऊन बघू द्या, म्हणून विचारलं. बाबाने पाटी समुद्रात धुतली आणि हसून म्हणाला, रोग हातात घेऊ नये, लागतो. बाबा पैसा घेत नव्हता, हे लोकांना फार मोठं वाटायचं. तो फक्त ओट्याशेजारची बर्फाच्या कारखान्याची रिकामी जागा मागत होता, नेत्रधाम बांधायला. पंचायतीत ठराव जवळजवळ झालाच होता.

मास्तरणीला घोर लागला तो जागेपायी नव्हे. घरी तिची आई होती.

आईला सगळं बेट गाठीमावशी म्हणायचं. जाळी दुरुस्त करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. जाळं फाटेल, पण तिने मारलेली गाठ सुटायची नाही. पंचवीस वर्षांपूर्वी गळ लागून तिचा डावा डोळा गेला. उरला उजवा, आणि त्यातही आता मोतीबिंदू पिकत आला होता. पलीकडच्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून ऑपरेशनची तारीख दिली होती, वीस. आज तारीख सहा. चौदा दिवस आईला सांभाळायचं, एवढंच मास्तरणीचं काम होतं.

संध्याकाळी आईने विषय काढलाच. भावाला दिसायला लागलं ही बातमी घरी पोचायला पाच मिनिटंही लागली नव्हती.

"एकच तर आहे ग माझा," आई म्हणाली. "त्याच्यावर सुरी चालवायची, आणि नेम चुकला तर?"

मास्तरणीने तिला नाना परीने समजावलं. मामाला कसं दिसलं ते मलाही कळलं नाही, हे तिने कबूल केलं. पण न कळलेली गोष्ट म्हणजे चमत्कार नव्हे, हेही सांगितलं. शेवटी आईने तिच्या हातावर हात ठेवून वचन दिलं, की तारखेपर्यंत डोळ्यात पाण्याशिवाय काही घालणार नाही. आईने आजवर दिलेला शब्द मोडला नव्हता, म्हणून मास्तरीण नऊ तारखेला दोन दिवसांच्या शिक्षक-प्रशिक्षणाला पलीकडे गेली.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, आणि सांगताना जीभ जड होते. गाठीमावशीला नीट दिसेनासं झालं होतं त्याला वर्ष उलटलं होतं. जाळ्याची भोकं एका मापाची यावीत म्हणून लाकडी पट्टी लावून विणतात. मावशीची पट्टी हलायला लागली होती, भोकं लहानमोठी येत होती, मासे निसटत होते. पण तिला सांगणार कोण? कोळी तिच्याकडे पहिल्यासारखीच जाळी आणत, तिने विणली की 'मावशी, झकास' म्हणत, आणि घरी न नेता शेजारच्या काकूकडे टाकत. काकू मागच्या दाराने सगळं उसवून पुन्हा विणायची. बेटावर दया करायची ही रीतच होती. म्हाताऱ्या माणसाला त्याचं काम बिघडलंय हे तोंडावर सांगायचं नाही; गपचूप निस्तरायचं. मास्तरणीलाही हे ठाऊक होतं. आईचं मन कशाला मोडा, म्हणून तीही गप्प राहिली होती.

नऊ तारखेच्या दुपारी मावशीने आठवड्यापूर्वी विणलेलं एक जाळं पुन्हा तिच्याच ओसरीवर आलं, नव्याने फाटलेलं. तिने जुनी जागा चाचपली आणि तिची बोटं थांबली. गाठी तिच्या नव्हत्या. जाळं आणणाऱ्या कोळ्याला तिने विचारलं, तो त-त-प-प करायला लागला, आणि त्यातच तिला सगळं कळून चुकलं. वर्षभर बेटाने तिला लहान मुलासारखं खेळवलं होतं. ती रडली नाही. जाळं बाजूला सारलं आणि भावाला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावरच्या बाकावर उताणी पडली होती. जे तिला वर्षापूर्वी तोंडावर सांगितलं असतं तर ती आपल्या पायांनी दवाखान्यात गेली असती, ते तिला या रीतीने कळलं.

दहा तारखेला संध्याकाळी साडेपाचला मास्तरीण होडीतून उतरली, तेव्हा आई धक्क्यावर उभी होती. हातात काठी नव्हती.

"तुझे केस किती पांढरे झालेत ग," आई म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

काय झालं असेल ते मास्तरणीला लगेच समजलं, आणि राग आला तो तसाच विरघळून गेला. आई तिच्या तोंडाकडे बघत होती. हनुवटीवरचा तीळ, कानामागची लहानपणीची खूण, एकेक गोष्ट बोट लावून मोजत होती. घरी आल्यावर तिने जाळ्याच्या सुईत एका फटक्यात दोरा ओवून दाखवला. आईच्या डोळ्यातली बाहुली एवढी मोठी झाली होती की बुबुळाचा रंगच उरला नव्हता. मास्तरीण शाळेत शास्त्र शिकवायची. तिने ती बाहुली पाहिली, आणि विचार केला नाही. आनंदात शहाणं माणूसही माती खातं. त्याच संध्याकाळी ती आईला घेऊन परत फिरली असती तर ही गोष्ट वेगळी झाली असती. हे तिला पुढे आयुष्यभर वाटत राहणार होतं आणि ते खरंच होतं.

बाबाने तीन अटी घातल्या होत्या. झोपताना डोळा बांधायचा. दुखलं तर सोसायचं, कारण मूळ जळतंय. आणि तीन दिवस पाणी ओलांडायचं नाही. बेटावरच्या माणसाने पाणी ओलांडायचं नाही म्हणजे दवाखान्यात जायचं नाही. एवढी साधी गोष्ट हजार माणसांत एकाच्याही ध्यानात आली नव्हती.

जेवणाच्या वेळी आईचं डोकं दुखायला लागलं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, म्हणाली. मग उलटी झाली. तिने बोभाटा केला नाही. मूळ जळतंय म्हणून दात आवळून पडून राहिली. सकाळी मास्तरणीने पट्टी सोडली तर डोळा लालभडक, आणि पापणीवरून बोट लावलं तर गोटीसारखा टणक. आईला त्या डोळ्याने धूर सोडून काही दिसत नव्हतं.

ती धावत मामाकडे गेली. मामाने होडी काढायला साफ नकार दिला. त्याच्या डोळ्यांचं तेज दोन दिवसांतच ओसरलं होतं, पण तो म्हणायचा की माझंच काही पथ्य चुकलं असेल. "तीन दिवस होऊ दे, पोरी. पाणी ओलांडलं आणि काही झालं तर मी बहिणीला काय तोंड दाखवू?" बाकीच्या होड्या पहाटेच समुद्रात गेल्या होत्या. ती घरी आली तर आईनेही दाराची चौकट धरून ठेवली. भावाला दिसलं, मला दिसलं, तूच मधे येऊ नकोस, एवढंच ती म्हणत होती. मास्तरणीने आरडाओरडा केला, पाया पडली, पण दुपार टळेपर्यंत आई जागची हलली नाही.

मग निदान डोळा तरी धुऊ, म्हणून मास्तरणीने उकळून गार केलेलं पाणी घेतलं. पापणी वर उचलली तर कोपऱ्यात एक पांढरट लिबलिबीत गोळी अडकलेली. मधे काळा ठिपका. बाबाचा एक 'पडदा' काढायचा राहून गेला होता. तिने तो कापसावर घेतला आणि बघतच राहिली. हा पदार्थ तिने पाहिलेला होता. कालच पाहिला होता.

बेटावरच्या प्रत्येक दारात पाय धुवायचा एक टब असतो. किनाऱ्याच्या वाळूत आणि खडकांच्या फटींत वीतभरसुद्धा उंच न होणारं एक रानटी झुडूप जमिनीला चिकटून पसरतं. फुलं मोहरीएवढी, बोंडं त्याहून बारीक. नाव चिकटी. ओल्या पायाने त्यावरून चाललं की बिया तळव्यांना डकतात, टबात पाय बुडवला की सुटतात आणि पाण्यात फुगून तळाशी पांढरा लिबलिबाट साचतो. रोज संध्याकाळी तो उकिरड्यावर ओतायचा, हे घरातल्या पोरींचं काम. म्हणजे बेटावरचं प्रत्येक घर पिढ्यान् पिढ्या रोजचे पन्नास-साठ मोतीबिंदू उकिरड्यावर फेकत आलं होतं. पण घाण म्हणून जे ओततो त्याच्याकडे कोण निरखून बघतं? आणि बाबाने पाटीवर ठेवलं त्याच्याकडे घाण म्हणून कोण बघणार? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. या गृहस्थाने पिकतं तिथेच विकून दाखवलं होतं.

तिने काही बोलायच्या भानगडीत न पडता ती गोळी आईच्या बोटांत ठेवली. आईने ती चोळली. लिबलिबाट सरला, आतला कण बोटांना लागला. तिने तो दोन नखांत धरून पाहिला.

"हे तर टबातलं आहे," आई म्हणाली.

मग ती उठली, भिंत धरत दाराशी आली आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या भावाला मोठ्याने हाक मारली. होडी काढ, एवढेच दोन शब्द. त्या आवाजापुढे मामाची काय टाप होती! त्याने होडी काढली.

पलीकडे पोचेपर्यंत सात वाजले होते. डॉक्टरीणबाई घरून धावत आल्या. त्यांनी जे जे करता येतं ते सगळं केलं. औषधं, सलाईन, छोटी शस्त्रक्रिया. सकाळी त्यांनी आईच्या डोळ्यासमोर बॅटरी धरली आणि विचारलं, मावशी, उजेड कुठे दिसतो? आई म्हणाली, तुम्ही दिवा लावा, मग सांगते. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी विझवली आणि मास्तरणीला बाहेर नेलं.

तिथे व्हरांड्यात मास्तरणीला सगळा प्रकार समजला. मोतीबिंदू बहुतेक वेळा भिंगाच्या मधोमध दाट असतो. बाहुली बारीक असली की माणूस नेमका त्या डागातूनच बघतो. बाहुली मोठी करणारं औषध घातलं की कडेने उजेड आत जातो आणि काही तास, फार तर एखाद-दोन दिवस, बरं दिसतं. डाग जागच्या जागीच असतो. हे औषध डॉक्टर रोज वापरतात, डोळा आतून तपासायला. पण काही माणसांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट मुळातच अरुंद असते. तिथे बाहुली ताणली की ती वाट बुजते, पाणी कोंडतं, दाब चढतो आणि आतली नस मरते. वेळेवर आलं तर वाचते. एकदा मेली की कोणीही, काहीही करू शकत नाही.

"तुमच्या आईच्या केसपेपरवर मी 'वाट अरुंद, बाहुली ताणू नये' असं लाल शाईने लिहून ठेवलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची एक छोटी निळ्या बुचाची बाटली दाखवली. "बाहुली एवढी मोठी झाली म्हणजे यातलं किंवा असलंच काहीतरी घातलं गेलं. त्याला कुणी विचारलं नाही का, की आधी डोळा तपासलास का म्हणून?"

हजार माणसांनी त्याला हा एक प्रश्न सोडून सगळं विचारलं होतं.

दोन दिवसांनी आईला दवाखान्यात काकूच्या हवाली करून ती परत निघाली. होडी मामाच चालवत होता. वाटेत इंजिन कुरकुरलं, तसा त्याने फळीखालून एक बाटली काढली आणि इंजिनात तेलाचे थेंब सोडले. बाटली छोटी होती, बूच निळं होतं.

मास्तरणीने ती त्याच्या हातातून ओढून घेतली. तेलाने माखलेल्या चिठ्ठीवर औषधाचं नाव अजून वाचता येत होतं. मामाने सांगितलं, की बाबांची पेटी दर आठवड्याला पलीकडच्या औषधाच्या दुकानातून तोच आणतो. बाबा म्हणाले होते, आत सुगंधी पाणी आहे. रिकाम्या बाटल्या बाबा फेकायचे. तेल घालायला बरी म्हणून त्याने एक ठेवली. बारीक अक्षरं त्याला दिसत नव्हती. तिने त्याला ते नाव वाचून दाखवलं आणि त्याचा अर्थ सांगितला. मामाने इंजिन बंद केलं आणि होडी मधेच थांबवून ओंजळीत तोंड घालून बसला. तिने त्याचं सांत्वन केलं नाही. तेवढं मन तिच्यापाशी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटा पुन्हा भरला होता. मास्तरीण दोरी ओलांडून रिंगणात गेली. हातात एक ताटली आणि पाण्याचा तांब्या. ओट्याच्या दगडांच्या फटीत, बाबाच्या पायापासून हातभर अंतरावर, चिकटी उगवलेली होती. तिने सगळ्यांसमोर तिची चार सुकी बोंडं खुडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि काळे कण ताटलीतल्या पाण्यात टाकले. मग ताटली पहिल्या रांगेतल्या बायकांच्या हातात दिली आणि म्हणाली, सात मिनिटं थांबा.

ही सात मिनिटं बाबाने वाया घालवली नाहीत. अश्रद्ध स्त्रीने रिंगणात पाऊल टाकल्याने नऊ किरण आजच निघून गेले, असं त्याने जाहीर केलं. उरलेले अठरा नाराज होते. शिकलेल्या माणसाच्या डोळ्यावर अहंकाराचा पडदा असतो आणि तो कुठल्याच वनस्पतीने निघत नाही, हे सांगताना त्याने डोळे टिपले. पण लोक त्याच्याकडे बघत नव्हते. ताटली हातोहात फिरत होती आणि जिथे जाईल तिथे माना तिच्यावर वाकत होत्या.

"एवढंच सांगा," मास्तरीण म्हणाली. "या ताटलीला मोतीबिंदू कधी झाला?"

कुणी हसलं नाही. एका म्हातारीने ताटलीत बोट घातलं, आपल्या सुनेकडे पाहिलं आणि खाली मान घातली. रोज ओततो तेच हे, असं कुणीतरी पुटपुटलं. ही बी वाळूत आणि उघड्या खडकावर जगायची म्हणून अंगाभोवती पाणी धरून ठेवते, मास्तरीण सांगत होती. दवाचा थेंब मिळाला तरी तो सोडत नाही. तिचा डोळ्याशी काडीचा संबंध नाही. डोळ्यात धूळ फेकणं आपण ऐकलं होतं, या माणसाने बी टाकली, इतकंच.

तेवढ्यात एक बाई उभी राहिली. "मग मला दिसलं कसं? मी खोटं बोलते का?"

"नाही. तुम्हाला दिसलं," मास्तरीण म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं होतं ते सगळं तिने त्या बाईला समजावलं. मग विचारलं, की आता दिसतं का? बाई खाली बसली. मास्तरणीने निळ्या बुचाची बाटली वर धरली. बाबा म्हणाला, ही बाटली मी जन्मात पाहिली नाही. ही बाई घरूनच घेऊन आली असेल.

गर्दीतून मामा पुढे आला. "पेटी मी आणायचो," तो म्हणाला. "दर गुरुवारी. दुकानदाराला विचारा. तुम्ही मला सांगितलंत सुगंधी पाणी आहे, आणि मी ते माझ्या बहिणीच्या डोळ्यात घालायला तिला हाताला धरून आणलं."

मग जे व्हायचं ते झालं. चार जण बाबाच्या अंगावर धावले. मास्तरणीनेच त्यांना अडवलं. मारू नका, आज मार खाल्ला तर उद्या दुसऱ्या गावात जखमा दाखवून पूजा करून घेईल. पोलिसांत द्या, असं ती म्हणाली. हवालदार शोधावा लागला नाही, कारण तो पहिल्या रांगेत डोळ्याला फडकं बांधून नंबर लावून बसला होता. बाबाला त्याच मोटारहोडीतून नेलं. चूर्णाच्या डब्यात शेरभर चिकटीचं बी निघालं आणि बाबाच्या स्वतःच्या पिशवीत जाड काचांचा चष्मा, पलीकडच्या डॉक्टरने लिहून दिलेला.

वाटतं ना, की आता बेट शहाणं झालं? आठवड्याच्या आत पाणवठ्यावर बायका म्हणत होत्या, गाठीमावशीने तीन दिवस पाळले नाहीत, पाणी ओलांडलं, म्हणून डोळा गेला. एकजण तर मास्तरणीच्या दारात येऊन हळूच विचारून गेला, ते थेंब कुठे मिळतात? लेकीचं लग्न आहे, एक दिवस दिसलं तरी पुरे. पोलीस माणसाला घेऊन जातात, त्याने पेरलेलं काही घेऊन जात नाहीत. ते एकेका डोक्यातून आपल्यालाच उपटावं लागतं, आणि त्याला एकच अवजार आहे: विचारणं. हे काय आहे, कशाने होतं, या माणसावाचूनही होतं का? सात मिनिटं आणि एक ताटली. गाठीमावशीच्या आधी कुणी एवढं केलं असतं, तर तिचा डोळा आज शाबूत असता.

आई घरी आली ती बदललेली. रडणं नाही, चिडणं नाही. एके दुपारी ती मास्तरणीला म्हणाली, "त्या संध्याकाळी मला तुझं तोंड दिसलं. ते तरी खरं होतं का ग, की तेही त्याचंच सोंग?"

मास्तरणीला वाटलं, काहीतरी गोड बोलून वेळ मारून न्यावी. पण वर्षभर गोड बोलूनच तर ही पाळी आली होती.

"खरं होतं, आई. मी जशी आहे तशीच तुला दिसले. पण ते त्या संध्याकाळपुरतं होतं. ऑपरेशन झालं असतं तर रोज दिसले असते."

आईने मान हलवली. "आणि जाळ्याचं मला वर्षापूर्वीच सांगायचं होतंस," ती म्हणाली, आणि मास्तरीण हो म्हणाली.

महिन्याभराने मामाने दोन्हीतल्या एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आठ दिवसांनी पट्टी सुटली, तसा तो बहिणीकडे आला आणि ओसरीवर बसला. तिच्यासमोर बसून, आपल्याला दिसतं असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आईने त्याच्या श्वासावरून त्याला ओळखलं.

"दिसतं का रे?"

"दिसतं."

"दुखलं?"

"नाही. वीस मिनिटं लागली."

आईने हातातलं जाळं खाली ठेवलं. "मग माझ्यापाशी काय रडत बसलास? अजून दहा-बारा जण घरात बसलेत, पुढचा बाबा यायची वाट बघत. त्यांच्या दारात जा, आणि मला आत्ता सांगितलंस तेच त्यांना सांग. आणि माझंही सांग. काही लपवू नकोस."

मामाने डोळे पुसले आणि तो पहिल्या दाराकडे चालायला लागला.